स्टीमपंकसाठी काय पाहावं, काय ऐकावं: पाठीवरच्या एका बॉयलरच्या निमित्ताने

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: स्टीमपंकची, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या थाटातल्या, वाफेच्या यंत्रांवर चालणाऱ्या काल्पनिक जगाची, ओढ लागली आहे, पहिला मोठा पोशाख करायला घेतला आहे, त्यात लांब कोटावर पाठीला बांधायचा एक छोटा बॉयलर आहे. त्यासाठी कोणते चित्रपट आणि मालिका पाहाव्यात, कोणतं संगीत ऐकावं? याद्या भरपूर मिळाल्या, पण त्यातलं पाहून झाल्यावर वहीत फक्त गॉगल, उंच टोप्या आणि दातेरी चाकंच उतरली, असंही तुम्ही लिहिलं आहे.

मी बरीच वर्षं नाटकांसाठी आणि लघुपटांसाठी अशी यंत्रं, उपकरणं आणि पोशाखांचे धातूचे भाग बनवते. त्यामुळे माझं उत्तर बनवणारीच्या नजरेतून येईल. पाहताना यंत्र दिसतं कसं हे नंतर बघा; आधी बघा ते चालतं कशावर, चालवतं कोण आणि त्याचा त्रास कुणाला होतो. या तिन्ही गोष्टी ज्या कलाकृतीत सापडतात ती वर्षानुवर्षं कामाला येते. जिथे फक्त पितळी रंग आहे, ती एका संध्याकाळीच संपते.

बॉयलरबद्दल एवढं ध्यानात ठेवा. पाण्याची वाफ झाली की नेहमीच्या हवेच्या दाबाला ती साधारण १,६०० पट जागा मागते. ती जागा तिला द्यायची नाही, आणि तिच्या त्या धडपडीतून काम काढून घ्यायचं, एवढ्यावर सगळं वाफेचं इंजिन उभं आहे. म्हणून खऱ्या बॉयलरवर दिसणारी प्रत्येक वस्तू कशासाठी तरी असते: पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी, दाब दाखवणारी तबकडी, दाब वाढला की आपोआप उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह, भट्टीचं दार, राख काढायची जागा. पुढे ज्या चित्रपटांबद्दल सांगते ते पाहताना या वस्तू शोधत राहा.

सुरुवात १९५८च्या एका चेक चित्रपटापासून करा, असं मी आग्रहाने सांगेन. कारेल झेमान यांचा ‘व्हिनालेझ स्काझी’, जो १९६१ मध्ये इंग्रजीत ‘द फॅब्युलस वर्ल्ड ऑफ ज्यूल्स व्हर्न’ या नावाने आला. याद्यांमध्ये तो बहुतेक वेळा तळाशी असतो किंवा नसतोच, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. फ्रेंच विज्ञानकथाकार व्हर्नच्या कादंबऱ्यांच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये एदुआर रियू, लेओं बेनेट यांच्या चित्रांवरून केलेली कोरीव छपाईची चित्रं असत; आकाश, पाणी, धूर, सगळं बारीक समांतर रेघांनी भरलेलं. झेमान यांनी ठरवलं की चित्रपटच तसा दिसला पाहिजे. मग त्यांनी नेपथ्यावर रेघा रंगवल्या, वस्तूंवर रंगवल्या, कपड्यांवरसुद्धा रंगवल्या, आणि त्या रेघांच्या जगात खरे नट फिरवले. त्यात पाण्याखाली चालवायच्या सायकली आहेत, पायडल मारून उडवायचं विमान आहे. १९५८ मध्येच ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनातल्या चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. झ्डेन्येक लिश्का यांचं संगीतही ऐकण्यासारखं आहे.

पोशाख करणाऱ्याने यातून काय घ्यावं? पृष्ठभाग. आपण धातूचा आभास आणायला सोनेरी फवारा मारतो आणि वस्तू सपाट दिसते. झेमान यांचा प्रत्येक पत्रा सपाट आहे, पण सावलीच्या बाजूला रेघा दाट आणि उजेडाच्या बाजूला विरळ आहेत. त्यामुळे डोळ्याला गोलाई पटते. तुमच्या टाकीवर गडद रंगाचा पातळ हात देऊन तो सांध्यांत साठू द्या, उंचवट्यांवरून पुसून घ्या. फरक लगेच दिसेल. हाच चित्रपट पुन्हा एकदा आवाज बंद करून पाहा, मग सांधे जास्त दिसतात.

त्यानंतर १९५४चा ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’. दिग्दर्शक रिचर्ड फ्लायशर, कॅप्टन नेमोच्या भूमिकेत जेम्स मेसन. पण आपल्यासाठी यातलं खरं नाव हार्पर गॉफ यांचं, ज्यांनी नॉटिलस ही पाणबुडी रेखाटली. व्हर्नच्या मूळ कादंबरीत लोक नॉटिलसला समुद्री राक्षस समजतात. गॉफ यांनी ती गोष्ट मनावर घेतली आणि शार्कचा बाक व मगरीची खडबडीत कातडी यांतून तिचा आकार काढला. ते रिव्हेट (पत्रे जोडणारे खिळे), तो करवतीसारखा कणा, डोळ्यांसारखे दिवे, यातलं काहीच नुसतं शोभेसाठी नाही. करवत जहाजांचे तळ फाडायला आहे, आणि दिवे रात्री भीती घालायला. आत मात्र दिवाणखाना आहे: पुस्तकं, मखमल, पाइप ऑर्गन आणि समुद्राकडे उघडणारी गोल खिडकी. बाहेर क्रूर लोखंड आणि आत सुसंस्कृत घर, या विरोधातून नेमो कोण आहे ते कळतं. आजही माणसं स्टीमपंक म्हणून ज्या खोलीची कल्पना करतात, ती बरीचशी याच दिवाणखान्याची असते.

गंमत अशी की नॉटिलस वाफेवर चालतच नाही. व्हर्नच्या कादंबरीत ती विजेवर चालते, सोडियमच्या बॅटऱ्यांवर. चित्रपटात तिच्या शक्तीच्या उगमाकडे पाहताना डोळे दिपतात आणि प्रेक्षकाला अणुशक्तीची आठवण येते. म्हणजे स्टीमपंकच्या सगळ्यात लाडक्या यंत्रात वाफच नाही. पण वाफेच्या काळातला कारागीर ते कसं बांधेल, याचं भान प्रत्येक पत्र्यावर आहे. तुमचा बॉयलर काल्पनिक इंधनावर चालणार असेल तर खुशाल चालू द्या. त्याची जोडणी मात्र त्या काळच्या हातांची वाटायला हवी.

याच चित्रपटातल्या महाकाय स्क्विडशी (ऑक्टोपससारख्या समुद्री प्राण्याशी) झालेल्या लढाईचा किस्साही कामाचा आहे. ते दृश्य आधी शांत समुद्रावर, संध्याकाळच्या उजेडात चित्रित केलं होतं, आणि त्यात स्क्विड हलवणाऱ्या तारा दिसत होत्या. मग ते रात्री, वादळात, पाण्याच्या फवाऱ्यांत पुन्हा चित्रित केलं. खर्च वाढला, पण तेच दृश्य लोकांच्या आठवणीत राहिलं. तुमच्या बॉयलरच्या नळ्या, टेप, चिकटवलेले सांधे जिथे उघडे पडतील तिथे काजळी, तेलाचे ओघळ, चामड्याचा पट्टा आणा. लपवायची जागा आणि वापराच्या खुणा यांचा मेळ बसला की काम अर्धं सोपं होतं.

१९६०चा ‘द टाइम मशीन’ पाहताना बाकी सगळं सोडून फक्त ते यंत्र पाहा. जॉर्ज पाल यांचा चित्रपट, यंत्राची रेखाटनं बिल फेरारी यांची. घसरगाडीसारखा सांगाडा, त्यावर केशकर्तनालयातली गुबगुबीत खुर्ची, पाठीमागे फिरणारी मोठी तबकडी, पुढे स्फटिकाच्या मुठीचा एक दांडा. दांडा पुढे ढकलला की भविष्य, मागे ओढला की भूतकाळ. पाहणाऱ्याला ते एका क्षणात कळतं, कुणी समजावून सांगावं लागत नाही. स्टीमपंक वस्तूंमध्ये दहा-दहा तबकड्या लावण्याचा मोह होतो, पण माणसाचा हात जिथे जातो ती जागा एकच ठेवली तर यंत्राला अर्थ येतो. त्यावर ‘उत्पादक: एच. जॉर्ज वेल्स’ अशा अर्थाची, मूळ कादंबरीच्या लेखकाच्या नावाची पितळी पाटीही आहे. तुमच्या टाकीवर अशी पाटी जरूर लावा. कुणी बनवलं, कितवा नमुना, किती दाब सहन करतो, एवढं कोरलेलं असलं की पाहणारा पुढची गोष्ट स्वतः रचतो.

मालिकांमध्ये मूळपुरुष म्हणजे ‘द वाइल्ड वाइल्ड वेस्ट’, अमेरिकेतल्या सीबीएसवर १९६५ ते १९६९, एकूण १०४ भाग. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या काळातले दोन गुप्तहेर, त्यांची स्वतःची आगगाडी, बाहीतून सुटणारं पिस्तूल, बुटाच्या टाचेत लपवलेली स्फोटकं. स्टीमपंक हे नाव १९८७ मध्ये लेखक के. डब्ल्यू. जेटर यांनी ‘लोकस’ या विज्ञानकथांच्या मासिकाला लिहिलेल्या पत्रातून पुढे आलं. ही मालिका त्याच्या वीस-बावीस वर्षं आधीची. तिच्यातली शिकवण लपवण्याची आहे: उपकरण कोटाच्या शिवणीत, टाचेत, छडीत दडलेलं असतं आणि गरज पडली की बाहेर येतं. तुमच्या कोटाला ही युक्ती बॉयलरपेक्षाही शोभेल. १९९९चा त्याच नावाचा चित्रपट मी सुचवणार नाही. त्यातला यांत्रिक कोळी भव्य आहे, पण त्याच्या पायांत वजन नाही, आणि वजन नसलेलं यंत्र मला पटत नाही.

आता जपानकडे. इथे थोडी जास्त थांबते, कारण वाफेवर मनापासून प्रेम करणारे दोन चित्रपट इथूनच आले.

हायाओ मियाझाकी यांचा ‘लापुटा: कॅसल इन द स्काय’, १९८६. १९८४-८५च्या खाणकामगारांच्या संपाच्या सुमारास ते ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात गेले होते, आणि तिथली खाणगावं, डोंगरउतारावरची घरं आणि कामगारांची एकजूट चित्रपटात उतरली. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत उडत्या यंत्रांचा इतिहास जुन्या कोरीव छपाईच्या रेघांमध्ये दिसतो. झेमान पाहून आला असाल तर तिथे तुम्ही नक्की थबकाल. आणि लगेच पुढे खाणीचं वाफेचं इंजिन येतं: नळी फुटते, उस्ताद दुरुस्तीला धावतो आणि पाझू नावाच्या पोराच्या हातात यंत्राचा ताबा देतो. त्या पोराचे हात, त्याची नजर, काम करताना होणारी त्याची घाई बघा. वाफेची भीती आणि तिच्यावरचा विश्वास दोन्ही त्यात आहेत. मियाझाकींनीच सत्तरच्या दशकात मांडलेल्या एका कल्पनेतून पुढे ‘नादिया: द सीक्रेट ऑफ ब्लू वॉटर’ ही ३९ भागांची मालिका उभी राहिली, हिदेआकी आन्नो यांनी १९९०-९१ मध्ये केलेली. ती पॅरिसच्या १८८९च्या प्रदर्शनापासून सुरू होते, ज्यासाठी आयफेल टॉवर उभा राहिला होता. मधले काही भाग रेंगाळतात. ते सोडून पुढे गेलात तरी चालेल.

दुसरा म्हणजे कात्सुहिरो ओतोमो यांचा ‘स्टीमबॉय’, २००४. याला सुमारे दहा वर्षं लागली आणि एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास चित्रं काढली गेली. कथा १८६६ची, मँचेस्टर आणि लंडनमधली. पाहताना कथेतल्या भाषणांचा कंटाळा आला तर येऊ द्या, पण यंत्रांवरून नजर हलवू नका. इतक्या प्रामाणिकपणे वाफ काढलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. दाब वाढताना आधी तबकडीचा काटा थरथरतो, मग रिव्हेटांतून बारीक धारा सुटतात, मग पत्रा फुगतो आणि शेवटी फुटतो. हा क्रम खरा आहे. सुरुवातीचा एकचाकी यंत्रावरचा पाठलाग थांबवून थांबवून पाहा. रेल्वे इंजिनं बांधणारे अभियंते रॉबर्ट स्टीफन्सन हे त्यात पात्र आहेत. खरे स्टीफन्सन १८५९ मध्येच वारले होते, पण असे पर्यायी इतिहास या प्रकाराला चालतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आजोबा, वडील आणि मुलगा यांच्यात वाद पेटतो तो विज्ञान कुणासाठी यावरून, आणि प्रदर्शनाच्या दालनात तेच शोध शस्त्रं म्हणून विकायला मांडलेले असतात. स्टीमपंक केवळ जुन्या काळाचं कौतुक राहू नये असं वाटणाऱ्याने हा भाग मन लावून पाहावा.

याच धाग्यातला, आणि माझ्या मते गेल्या काही वर्षांतला सर्वांत विचारपूर्वक केलेला स्टीमपंक चित्रपट म्हणजे २०१५चा फ्रेंच ॲनिमेशनपट ‘आव्हरिल ए ल मोंद त्र्यूके’. दृश्यकल्पना चित्रकथाकार झाक तार्दी यांच्या चित्रशैलीवर आधारलेली, आणि आनसीच्या ॲनिमेशन महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्यात इतिहास १८७० पाशी वळण घेतो: फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन एका प्रयोगशाळेतल्या स्फोटात मरतो, युद्ध टळतं, पण त्यानंतर जगातले शास्त्रज्ञ एकामागून एक नाहीसे होत जातात. वीज येतच नाही. १९४१ उजाडतं तरी पॅरिस वाफेवरच चालतंय. खाणीतला कोळसा संपला, मग लाकडी कोळशासाठी युरोपातली जंगलं तोडली गेली, आणि आता उरलेल्या झाडांसाठी युद्ध आहे. माणसं काजळीच्या हवेत मुखवटे लावून फिरतात. दोन जुळे आयफेल टॉवर आहेत, तिथून लांब पल्ल्याच्या केबलगाड्या सुटतात. गंजलेलं, धुरकट, थकलेलं शहर. मी कुणालाही स्टीमपंक समजावते तेव्हा हाच चित्रपट दाखवते, कारण यात मुखवटा हा शोभेचा दागिना नाही, श्वास घेण्याची सोय आहे. तुमच्या पोशाखातले गॉगल ठेवायचे असतील तर असंच कारण त्यांना द्या. भट्टीजवळ काम करणाऱ्याच्या काचांवर डाग असतात, कडा झिजलेल्या असतात, पट्टा घामाने काळा पडलेला असतो.

फ्रेंचांचाच आणखी एक: झाँ-पिएर जने आणि मार्क कारो यांचा ‘द सिटी ऑफ लॉस्ट चिल्ड्रन’, १९९५. कपडे झाँ पॉल गोतिए यांचे, संगीत आंजेलो बादालामेंती यांचं. हिरवट पाणी, लाल कपडे, आणि डोळ्याच्या जागी यंत्र बसवून घेतलेले लोक. शरीराला जोडलेलं यंत्र किती अस्वस्थ करू शकतं ते इथे कळतं: वायरी कातडीला टोचतात, भिंग हलताना कुरकुरतं. पाठीवर बॉयलर घेणाऱ्याची मानही थोडी पुढे झुकेल, खांदे पट्ट्यांनी ओढले जातील. आरशासमोर तो बाक आधी ठरवा, मग टाकीचा आकार काढा.

‘ह्यूगो’ हा मार्टिन स्कॉर्सेसी यांचा २०११चा चित्रपट बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्यातल्या लिहिणाऱ्या यांत्रिक बाहुल्याचं मूळ खरं आहे, आणि ते मूळ मला चित्रपटाइतकंच आवडतं. आँरी मायार्दे यांनी १८०० च्या सुमारास एक यंत्रबाहुला बनवला. तो १९२८ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये पोचला तेव्हा आगीने खराब झालेला होता आणि त्याचा कर्ता कोण हे ठाऊक नव्हतं. दुरुस्तीनंतर तो चार चित्रं काढू लागला, तीन कविता लिहू लागला, आणि एका कवितेच्या कडेला त्याने फ्रेंचमध्ये आपल्या कर्त्याचं नाव लिहिलं. ते सगळं पितळी कॅमच्या (वेड्यावाकड्या कडांच्या फिरत्या चकत्यांच्या) कडांवर साठवलेलं होतं. दातेरी चाक गती पुढे देतं, कॅम गतीला आकार देतो. तुम्हाला चाकंच लावायची असतील तर दोन तरी एकमेकांत नीट गुंतलेली, एकाच दाताच्या मापाची लावा. एकही चाक दुसऱ्याला फिरवत नाही असा पोशाख जाणकाराला लांबूनही खटकतो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ‘द प्रेस्टीज’ (२००६) पाहा तो विजेचे संशोधक टेस्ला यांच्या कोलोरॅडो स्प्रिंग्जमधल्या प्रयोगशाळेसाठी. टेस्ला तिथे १८९९ मध्ये खरोखर काम करत होते, आणि ती भूमिका डेव्हिड बोवी यांनी केली आहे; चाकं नसलेलं यंत्रही धडकी भरवू शकतं हे त्यातून दिसतं. ‘ट्रेझर प्लॅनेट’च्या (२००२) चमूने सत्तर टक्के जुनं आणि तीस टक्के नवं असा नियम पाळला होता. तो पोशाखालाही लागू करा, फार उपयोगी आहे. अँथनी लुकास यांचा ‘जॅस्पर मोरेलो’वरचा २००५चा ऑस्ट्रेलियन लघुपट पूर्ण छायाकृतींत आहे, त्यातली यंत्रं निव्वळ बाह्यरेषेवरून ओळखू येतात. तुमचा बॉयलर घालून उजेडाला पाठ करून उभे राहा आणि फोटो काढा. नुसत्या काळ्या आकृतीत तो बॉयलर वाटला नाही तर रंग देऊन काही साधणार नाही. कोटासाठी ‘पुअर थिंग्ज’मधले (२०२३) होली वॉडिंग्टन यांचे कपडे पाहा, विशेषतः बाह्या, सगळं व्हिक्टोरियन वळणाचं, पण एकही गोष्ट वस्तुसंग्रहालयातून उचललेली वाटत नाही. आणि ‘आर्केन’ (२०२१), पॅरिसच्या फॉर्तीश स्टुडिओने केलेली मालिका. ती जादूकडे झुकते, पण वरचं झळाळतं शहर आणि त्याचा धूर गिळणारं खालचं शहर ही मांडणी, आणि खालच्या लोकांचे ठिगळ लावलेले कृत्रिम हात, हे आपल्याच कामाचं आहे.

संगीताबद्दल तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलं आहे, पण मला वाटतं तुमचं काम तिथून जास्त पुढे जाईल. वाफेचं यंत्र दिसण्याआधी ऐकू येतं.

पहिल्यांदा ऑर्थर ओनेगर यांची ‘पॅसिफिक २३१’ ऐका. १९२३ची वाद्यवृंद रचना, साधारण सहा-सात मिनिटांची. २३१ म्हणजे फ्रेंच पद्धतीने मोजलेली इंजिनाच्या आसांची मांडणी: पुढे दोन, मध्ये तीन, मागे एक. ऐकताना वाटतं गाडी वेग घेत चालली आहे. प्रत्यक्षात मूळ लय टप्प्याटप्प्याने मंद होत जाते, आणि स्वरांची लांबी कमी कमी होत गेल्याने कानाला वेगाचा भास होतो. जड वस्तू हलायला लागते तेव्हा असंच वाटतं. झाँ मित्री यांनी १९४९ मध्ये या रचनेवर खऱ्या इंजिनाच्या चित्रणाचा एक लघुपट केला. चाकं, दांडे आणि वाफ सुरांवर कापलेली आहेत. तो मिळाला तर सोडू नका.

चित्रपटसंगीतात ‘शेरलॉक होम्स’साठी (२००९) हान्स झिमर यांनी केलेलं काम घ्या. बेसूर झालेला जुना पियानो, बँजो, फिडल, सिंबलम (संतूरसारखं वाद्य). मोठ्या दिग्दर्शकाचा मोठा चित्रपट, आणि संगीत मात्र गुत्त्यातल्या मोडक्या पियानोवरचं. १८९०च्या आसपासचं लंडन, अर्धवट बांधलेला टॉवर ब्रिज, आणि खाली हे खडखडणारं वाद्य. तुटकेपणातून काळ किती नेमका उभा राहतो ते इथे ऐकू येतं.

स्टीमपंक बँड म्हणून मिरवणाऱ्यांत सिॲटलचा ॲबनी पार्क सर्वांत जुन्या नावांपैकी. १९९७ मध्ये गॉथ बँड म्हणून सुरू झाला आणि पुढे हवाई जहाजातल्या लुटारूंची टोळी असं रूप घेतलं. ‘लॉस्ट होरायझन्स’ (२००८) पासून ऐकायला लागा. रासपुटिना हा बँड त्याआधीचा, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा. मेलोरा क्रीगर यांचे चेलो, कॉर्सेट, आणि खरखरवलेला आवाज. मला त्यांचं काम जास्त खोल वाटतं. इंग्लंडचे प्रोफेसर एलिमेंटल आणि मिस्टर बी हे चॅप-हॉप गातात, म्हणजे सभ्य ब्रिटिश गृहस्थाच्या थाटातलं हिपहॉप. मेळाव्यांत रंगत आणतात, कामाच्या टेबलावर मात्र मी ते लावत नाही. संडे ड्रायव्हर या ब्रिटिश बँडमध्ये सतार-तबला आणि इंग्रजी लोकसंगीत एकत्र येतं. व्हिक्टोरियन काळ म्हटला की साम्राज्यही आलंच, आणि त्याची दुसरी बाजू ऐकवणारे बँड फार थोडे आहेत.

लंडनच्या ‘द मेन दॅट विल नॉट बी ब्लेम्ड फॉर नथिंग’ या बँडबद्दल जरा सविस्तर सांगते. त्यांनी २०१० मध्ये आपलं ‘स्यूअर’ हे गाणं चक्क मेणाच्या सिलिंडरवर काढलं, एडिसनच्या काळातल्या फोनोग्राफवर वाजेल असं. फक्त ४० प्रती. गाण्याचा विषय जोसेफ बाझलगेट, ज्यांनी १८५८च्या भयानक दुर्गंधीनंतर लंडनच्या भूमिगत गटारांचं जाळं बांधलं. इथे हवाई जहाजं नाहीत, सरदार नाहीत. मजूर, गटारं, उपासमार, फाशी आहे. आवाज कर्कश पंक, विषय अस्सल एकोणिसावं शतक. या प्रकाराच्या नावातला दुसरा अर्धा भाग, म्हणजे ‘पंक’मधली बंडखोरी, गंभीरपणे घेणारे म्हणून मला ते फार महत्त्वाचे वाटतात. तुमच्या पोशाखातलं पात्र कोण आहे हे अजून ठरलं नसेल, तर उडत्या जहाजाचा कप्तान सोडून एखादा भट्टीवाला निवडून बघा. बॉयलर त्याच्याच पाठीवर खरा शोभेल.

हालचालीसाठी सॅन डिएगोचा स्टीम पॉवर्ड जिराफ हा गट पाहा, नुसता ऐकू नका. २००८ मध्ये बाल्बोआ पार्कमध्ये मूकाभिनय करत उभे राहिलेले हे कलाकार चेहरे धातूसारखे रंगवून यंत्रमानव होतात. गाण्याच्या मध्येच एखादा अडकतो, मान झटक्याने वळते, वाफ सुटल्यासारखा श्वास टाकतो. त्यांच्या अंगावरची सामग्री अगदी थोडी आहे; यंत्र आहे ते सगळं सांध्यांमध्ये. मार्टिन मोलिन यांचं २०१६चं मार्बल मशीनही असंच पाहायचं: हाताने फिरवायचं लाकडी यंत्र, २,००० गोट्या आणि त्यांतून निघणारी धून. ते कुणी स्टीमपंक म्हणून बनवलेलं नाही, पण यंत्र वाजताना त्याचा प्रत्येक भाग काय करतो हे डोळ्यांसमोर दिसतं.

मोठ्या रॉक संगीतात रशचा ‘क्लॉकवर्क एंजल्स’ (२०१२) आणि जेफ वेन यांचा १९७८चा ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ हे दोन पूर्ण अल्बम एका बैठकीत ऐका. दुसऱ्यात रिचर्ड बर्टन यांचं निवेदन आहे. दिवे मालवून ऐकलंत तर मंगळवासीयांची तीन पायांची ती यंत्रं तुम्ही स्वतः रचाल, आणि ती कुणाच्या चित्रातून आलेली नसतील. स्मॅशिंग पंपकिन्सच्या ‘टुनाइट, टुनाइट’चं १९९६चं चित्रीकरण मेलिएसच्या १९०२च्या चंद्रप्रवासाच्या मूकपटावरून केलेलं आहे. दोन्ही एकापाठोपाठ बघा, एकूण वीस मिनिटं लागतील.

आता बॉयलर. आवाजाची सोय त्यात सुरुवातीपासून धरा, नंतर घुसवायला जागा उरत नाही. छोटा स्पीकर टाकीच्या आत ठेवा, तोंड खाली, म्हणजे आवाज पत्र्यातून घुमून येईल. सतत फुसफुस नको. दाब साठतानाची शांतता, मग सेफ्टी व्हॉल्व्हचा एक छोटा फूत्कार, मग पुन्हा शांतता. दोन फूत्कारांमधलं अंतर सारखं ठेवू नका. तुम्ही जलद चालाल तेव्हा ते कमी व्हावं असं जमलं तर फारच उत्तम. साधा हलण्याचा सेन्सर त्याला पुरतो. पाण्याच्या काचनळीत पाणी भरू नका, रंगीत रेझिन भरा, नाहीतर कोट भिजेल. खरी वाफ किंवा खरा दाब पाठीवर कधीही घेऊ नका, कितीही छोटा असला तरी. धूर हवा असेल तर थंड धुक्याचं छोटं यंत्र वापरा आणि त्याची बॅटरी अंगापासून दूर, झाकणाखाली ठेवा.

रेखाटन झालं की पाठवा. त्यात पाणी कुठून भरायचं आणि राख कुठून काढायची ते आधी दाखवा. पितळ किती आणि तांबं किती ते आपण नंतर बोलू.